वर्गणीदाराला जमाखर्च दाखवा: डिजिटल संगीत सेवांच्या चालकांना खुलं पत्र

प्रति,
भारतात डिजिटल संगीत सेवा चालवणाऱ्या कंपन्यांचे संचालक व व्यवस्थापक,
तसेच त्यांना ध्वनिमुद्रणं पुरवणाऱ्या रेकॉर्ड कंपन्या यांना

विषय: वर्गणीच्या बदल्यात ऐकणाऱ्याला काय मिळावं याबद्दल

स. न. वि. वि.

मी मिरजेत राहते. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. गेली सात वर्षं मी तुमच्यापैकी कुणाची ना कुणाची पैसे भरणारी वर्गणीदार आहे. एक सेवा सोडली, दुसरी धरली, पण वर्गणी एकाही महिन्याची चुकवली नाही. वर्गणी कमी करा असं सांगायला हे पत्र लिहीत नाही. ॲपल म्युझिक २०१५ साली इथे १२० रुपये महिन्याने सुरू झालं, स्पॉटिफाय २०१९ मध्ये ११९ रुपयांनी. भाव पुढे वरखाली झाले, होत राहतील. महिन्याला एक कॅसेट घ्यायची की नाही यावर घरात दोन दिवस विचार चालायचा, ते दिवस आठवणाऱ्या माणसाला हे पैसे जड नाहीत. मला स्वस्त नको, चोख हवं आहे.

पैसे भरणाऱ्याला आज काय मिळतं? जाहिराती थांबतात. हवं ते गाणं हवं तेव्हा लावता येतं, फोनमध्ये उतरवून ठेवता येतं. यातलं बरंचसं म्हणजे फुकट ऐकणाऱ्याला जो त्रास होतो तो आम्हाला होत नाही, एवढंच. त्रास टाळण्यासाठी माणूस नाइलाजाने पैसे देतो आणि दुसरीकडे सोय दिसली की निघून जातो. आपल्या देशात बहुतेक लोक फुकटच ऐकतात, पैसे भरायला तयार होत नाहीत, अशी तुमची नेहमीची खंत असते. मला वाटतं, त्यांना पैसे भरण्याजोगं काही दिसलेलं नाही.

आमच्या घरी रेडिओ होता. पोस्टात जाऊन रेडिओचा परवाना काढायचा, तेवढाच त्याचा खर्च. गाणं लागण्याआधी निवेदक कवीचं नाव सांगत, मग संगीतकाराचं, मग गायकाचं. माझी आई चौथी शिकलेली. पण भाकरी थापताना कानावर पडून पडून गदिमा, वसंत प्रभू, माणिक वर्मा ही नावं ती नात्यातल्या माणसांसारखी घ्यायची. एखादं नवीन गाणं लागलं की पहिल्या कडव्यातच म्हणायची, ‘ही चाल बाबूजींची दिसते.’ बाबूजी म्हणजे सुधीर फडके. ही जाण तिला कुणी शिकवली नव्हती. गाण्याआधीच्या त्या तीन नावांनी ती तिला दिली होती. आज माझ्या फोनमध्ये आईला स्वप्नातही दिसली नसती एवढी गाणी आहेत आणि त्यातल्या निम्म्या मराठी गाण्यांचा कवी कोण, हे तुमच्या पडद्यावर सापडत नाही.

माझ्या स्वतःच्या घरातली एक गोष्ट सांगते, म्हणजे मी एवढी का तळमळते ते कळेल. वडील पेटीवर साथ करायचे. मोठे कलाकार नव्हते. गावोगावची भजनं, शाळांची स्नेहसंमेलनं, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दरवर्षी उरुसात जी संगीत सभा होते तिथे दोन-तीन वेळा, एवढीच त्यांची मिळकत. १९८६ साली एका गायिकेची भक्तिगीतांची कॅसेट निघाली, तीत त्यांनी साथ केली होती. कॅसेटच्या डबीत दुमडून घातलेल्या कागदावर ‘संवादिनी’ या शब्दापुढे त्यांचं नाव छापलेलं आहे. आयुष्यात त्यांचं नाव छापून आलं ते तेवढ्या एका जागी.

तीच कॅसेट आता तुमच्यापैकी एकाच्या सेवेवर आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या नातीने ती शोधून लावली. गायिकेचं नाव होतं, पण रोमन लिपीत आणि एक अक्षर चुकवून. गीतकाराच्या जागी कंपनीचं नाव होतं. वर्ष २०१३. साथीदारांचा पत्ताच नाही. नात म्हणाली, ‘आज्जी, पणजोबांचं नाव कुठंय?’ मी पत्र्याची ट्रंक उघडली, कॅसेट काढली आणि तो कागद तिला दाखवला. नंतर त्या सेवेला कळवायला गेले. तक्रारीचं बटण सापडलं. निवडायला पर्याय होते: आवाज येत नाही, मजकूर आक्षेपार्ह आहे, पैसे कापले गेले. नाव राहिलं आहे, असा पर्यायच नव्हता.

एकट्या माझ्या वडिलांपुरती ही गोष्ट असती तर हे पत्र खुलं लिहिलं नसतं. ‘इंद्रायणी काठी’ घ्या. भीमसेन जोशींनी गायलेलं हे पद कितीतरी लोकांना संतांचा अभंगच वाटतं. ते लिहिलं ग. दि. माडगूळकरांनी, चाल पु. ल. देशपांडे यांची, आणि ते आलं १९५३ सालच्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटात. विसाव्या शतकातला एक कवी ज्ञानदेवांच्या समाधीवर असं लिहितो की ऐकणारा त्याला सातशे वर्षं मागे नेऊन बसवतो, हे कळल्यावर ते पद पुन्हा ऐकून पाहा. तेच सूर वेगळे लागतात. मी वर्गणी भरते ती या आनंदासाठी. तो द्यायला तुम्हाला नवं काही ध्वनिमुद्रित करायचं नाही, दोन नावं आणि एक वर्ष तेवढं बरोबर लिहायचं आहे.

वर्षाची चूक तर जवळजवळ सगळीकडे आहे. १९५० ते ७० या काळातलं भावगीत तुमच्याकडे २००४ किंवा २०११ सालचं म्हणून बसलेलं असतं, कारण त्या साली ते कुठल्या तरी निवडक संग्रहात आलं किंवा तुमच्या यंत्रावर चढलं. ग्रंथालयात असं झालं तर आम्ही त्याला चूक म्हणतो आणि कार्ड बदलतो. कॉपीराइट कायद्यात १९८४ साली घातलेलं कलम ५२-अ सांगतं की ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर ते तयार करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष छापलं पाहिजे. पाच रुपयांच्या कागदी वेष्टनाने जे पाळलं ते तुमच्या पडद्याला का जमू नये?

१९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं. गाणं संपताना त्या स्वतःचं नाव मोठ्याने सांगत. तबकड्या घडवायचं काम जर्मनीत हॅनोव्हरला व्हायचं आणि तिथल्या कारागिरांना कुठल्या तबकडीवर कुणाची पट्टी चिकटवायची ते कळावं, म्हणून ही पद्धत पडली असं सांगतात. मला ते फार भिडतं. हातात तीन मिनिटं, त्यातही शेवटचे दोन क्षण नावासाठी राखून ठेवायचे.

यावर तुमचं उत्तर काय असेल तेही मला ठाऊक आहे: माहिती रेकॉर्ड कंपन्या पाठवतात, त्या जशी पाठवतील तशी आम्ही दाखवतो. म्हणूनच हे पत्र त्या कंपन्यांच्याही नावे लिहिलं आहे. पण प्रकाशकाने मुखपृष्ठ फाटलेलं पुस्तक पाठवलं म्हणून ग्रंथपाल ते बेवारशी पुस्तक म्हणून मांडणीवर ठेवत नाही. आमच्या क्षेत्रातले आद्य गुरू शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. तुमच्या सेवेत गाणं शोधताना माझा जो वेळ जातो तो या एका नियमाने निम्म्यावर येईल. आणि काम अवाढव्य आहे असंही म्हणू नका. ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ मराठी माणसाने आपल्या हौसेने उभं केलं. तिथे गीतकार, संगीतकार, गायक, कुठल्या नाटकातलं, कुठल्या चित्रपटातलं, राग कोणता, हे सगळं देवनागरीत व्यवस्थित लावलेलं आहे. पदराला खार लावून माणसं हे करतात, तर तुमच्यासारख्या कंपन्यांना पगारी माणसं नेमून ते नक्कीच करता येईल.

मोठ्या प्रमाणावर हे करता येतं याचा दाखलाही तुमच्याच जगात आहे. ॲपलने मार्च २०२३ मध्ये पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतासाठी वेगळं ॲप काढलं, वेगळे पैसे न घेता. त्यात रचनाकार, रचनेचा क्रमांक, वाद्यवृंद, वाद्यवृंदाचा संचालक यांपैकी काहीही टाकून शोधता येतं. बेथोव्हेनची रचना क्रमांकानं सापडते, तर जयपूर घराण्याचा बिहागडा त्या नावाने का सापडू नये? राग, ताल, बंदिशीचे शब्द, घराणं, तबल्याला कोण, पेटीला कोण, सारंगीला कोण. मैफलीत निवेदक ही नावं आधी घेतो आणि श्रोते टाळ्या वाजवतात. तेवढीच रीत तुमच्याकडे चालू करा.

आणि लिपी. मराठी गाण्यांची नावं तुम्ही रोमनमध्ये ठेवता. त्या लिपीत मला, मळा, माला आणि माळा हे चारही शब्द एकाच चार अक्षरांत लिहिले जातात. मग शोधणाऱ्याने काय करायचं? देवनागरीत टाइप केलं तर कधी काही येत नाही, कधी भलत्याच भाषेतलं येतं. एका गायिकेची तीन स्पेलिंगं, म्हणून तिच्या नावाची तीन पानं, आणि तिची गाणी तिन्हीकडे विखुरलेली. माझ्या धाकट्या बहिणीला इंग्रजी वाचता येत नाही. ती राजापूर तालुक्यात राहते, भजनं आणि दशावतारी नाटकातली पदं ऐकते. तिच्या फोनची भाषा मराठी आहे, पण तुमचं ॲप उघडलं की तिला भाचीला फोन करावा लागतो. तिची वर्गणी मीच भरते.

आता पैशांबद्दल.

वर्गणी या शब्दाला आमच्याकडे एक अर्थ आहे. गल्लीतलं गणपती मंडळ दारात येतं, आपण ५१ रुपये देतो, मुलं पावती फाडून देतात. उत्सव संपला की जमाखर्च फळ्यावर लागतो: मांडव एवढे, विजेचे एवढे, प्रसाद एवढा, शिल्लक एवढी. कुणी तो वाचतो, कुणी वाचत नाही. पण तो लागतो म्हणून पुढच्या वर्षी पोरांना दारात उभं करून घेतो. तुम्हाला मी मंडळाच्या कितीतरी पट पैसे देते आणि ते कुठे गेले ते मला आजवर कळलेलं नाही.

मला समजली तशी तुमची वाटणी सांगते. सगळ्यांची वर्गणी एका हंड्यात जमा होते. त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग हक्कधारकांना जातो, असं स्पॉटिफाय स्वतः सांगतं. आणि तो वाटला जातो देशभरात एकूण जे काही वाजलं त्यात कुणाचा किती हिस्सा, त्या प्रमाणात. कर धरून ११९ रुपयांची वर्गणी मानली, तर १८ टक्के जीएसटी वजा जाऊन शंभर रुपये उरतात आणि त्यातले सदुसष्ट वाटायला निघतात. मी महिनाभर नाट्यसंगीत आणि ख्याल सोडून दुसरं काही ऐकलेलं नाही. तरी त्या सदुसष्ट रुपयांतला बहुतेक भाग ज्यांचं एक अक्षरही मी ऐकलं नाही अशा गाण्यांकडे जातो. त्या गायकांबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही. त्यांना ऐकणारे त्यांना पैसे देतीलच. माझे पैसे मी ज्यांना ऐकलं त्यांच्याकडे जावेत, इतकं साधं म्हणणं आहे. दहा-बारा कलाकारांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच-सहा रुपये येतील. रक्कम लहान आहे. पण माझ्यासारखे दहा हजार श्रोते असले तर एखाद्या गायिकेचं घर त्यावर चालू शकतं, आणि ते मी चालवते आहे हे मला माहीत असेल.

ही कल्पना हवेतली नाही. साउंडक्लाउडने एप्रिल २०२१ मध्ये आपल्या स्वतंत्र कलाकारांपुरती अशी पद्धत सुरू केली: ज्याने ज्याला ऐकलं त्याचे पैसे त्याला. तुमचे करार गुंतागुंतीचे आहेत, मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांना विचारल्याशिवाय तुम्हाला हलता येत नाही, हे मी जाणते. म्हणून सुरुवात हिशेबापासून करा. दर डिसेंबरात तुम्ही मला रंगीत चित्रं पाठवता, वर्षात किती मिनिटं ऐकलं, कुणाला सर्वांत जास्त ऐकलं. नात ती मैत्रिणींना दाखवते. त्याच पानावर एक ओळ घाला: तुमची वर्षाची वर्गणी इतकी, त्यातले इतके कर, इतके आमच्याकडे, इतके या कलाकारांच्या हक्कधारकांकडे. ही ओळ लिहायला वाटणीची पद्धत बदलावी लागत नाही.

मोजणीबद्दल माझी मोठी तक्रार आहे, आणि ती शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या प्रत्येकाची असायला हवी. स्पॉटिफायच्या नियमाप्रमाणे ३० सेकंद ऐकलं की गाणं एकदा वाजलं असं धरतात. मालकंसाचा ४० मिनिटांचा ख्याल शेवटपर्यंत ऐकला तरी एकच. तेवढ्या वेळात अडीच मिनिटांची सोळा गाणी वाजतात आणि सोळा मोजली जातात. म्हणजे लांब गाणारा प्रत्येक वेळी सोळाव्या भागावर समाधान मानतो. मग ध्वनिमुद्रणांचे तुकडे पडले तर नवल काय? विलंबित म्हणजे संथ लयीतलं वेगळं, द्रुत म्हणजे जलद लयीतलं वेगळं, दोहोंच्या मधे पोकळी. द्रुतची पहिली सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथे विलंबिताच्या शेवटच्या आवर्तनातून उगवायला हवी, तिथे यंत्र श्वास घेतं.

अब्दुल करीम खाँ यांच्या पिढीला तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत राग बसवावा लागला. त्यांचा झिंझोटी ऐका, एवढ्याशा जागेत त्यांनी काय केलं आहे ते कळेल. पण ती यंत्राची अडचण होती आणि लांब तबकडी आल्यावर ती सुटली. आज यंत्राला काहीच अडचण नाही. तीच तीन मिनिटं पैसे मोजण्याच्या पद्धतीने पुन्हा गायकाच्या मानेवर आणून ठेवली आहेत. उद्याचा तरुण गायक आलापी आवरती घेईल आणि त्याला दोष देता येणार नाही.

वेळेवर मोजता येतं. ॲमस्टरडॅमची प्रायमफॉनिक ही शास्त्रीय संगीताची सेवा किती सेकंद ऐकलं त्यावर पैसे वाटायची. २०२१ मध्ये ॲपलने ती विकत घेतली. म्हणजे ही रीत माहीत असलेली माणसं तुमच्यातच आहेत.

२०२४ पासून स्पॉटिफायचा आणखी एक नियम आहे: आधीच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. नुसता गोंगाट चढवून पैसे काढणाऱ्यांना आवरण्याचा हेतू असेल तर तो मला पटतो. पण सिंधुदुर्गातल्या एखाद्या दशावतारी गायकाचं पद, गोव्यातल्या एखाद्या मांडो गीताचं जुनं ध्वनिमुद्रण, विदर्भातल्या कीर्तनकाराचं आख्यान वर्षाला नऊशे वेळा ऐकलं जात असेल तर ते गोंगाट नव्हे. नऊशे वेळा कुणीतरी ते मुद्दाम शोधून लावलं आहे. या लोकांसाठी वेगळी वाट काढा.

नाव आणि पैसा या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हेही लक्षात आणून देते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क दिला आहे की तो वारस आणि कॉपीराइट संस्था सोडून त्यांच्याकडून कुणालाही लिहून घेता येत नाही. आयपीआरएससारखी संस्था ती गोळा करून वाटते. आता गाणं कुणी लिहिलं हेच नोंदीत नसेल, गीतकाराच्या रकान्यात कंपनीचं नाव असेल, तर वाटणाऱ्याने वाटायचं कुणाला? माझ्या ट्रंकेतल्या कागदावर ज्या कवीचं नाव आहे त्याच्या मुलांपर्यंत काही पोचलं असेल का, हा प्रश्न मला छळतो.

बाकीच्या मागण्या लहान आहेत, भराभर सांगते.

मैफल भैरवीने संपते. भैरवीनंतर गात नाहीत, ऐकणारेही काही वेळ बोलत नाहीत. तुमचं यंत्र भैरवी संपल्यावर दुसऱ्या सेकंदाला भलतंच काहीतरी लावतं. हे बंद करण्याची कळ असते, मला सापडली आहे, पण ती चार पडद्यांच्या आत आहे. आख्खी मैफल किंवा आख्खी कॅसेट लावली असेल तर ती संपल्यावर थांबायचं, हा साधा नियम ठेवा. पुढचं लावायचं की नाही ते ऐकणाऱ्याला ठरवू द्या. तसंच क्रमाचं. गीतरामायण १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक याप्रमाणे पुढे वर्षभर चाललं, ५६ गीतांची ती एक कथा आहे. ती पैसे भरणाऱ्याने असो वा फुकट ऐकणाऱ्याने, उलटसुलट क्रमाने ऐकावी लागू नये.

गाणी नाहीशी होतात. काल होतं ते आज राखाडी रंगाचं, दाबलं तरी वाजत नाही. करार संपला असेल, मान्य. पण महिनाभर आधी कळवा, आणि का गेलं ते एका ओळीत लिहा. फोनच्या रिचार्जबरोबर आलेली एक सेवा मी चार वर्षं वापरली. ती बंद झाली तेव्हा मी रागांप्रमाणे, वेळांप्रमाणे लावलेल्या याद्या गेल्या: पहाटेचे वेगळे, तिसऱ्या प्रहराचे वेगळे. चार वर्षांचं काम. गाणी तुमची असतील, यादी माझी होती. यादी साध्या मजकुराच्या स्वरूपात उतरवून घेण्याची सोय प्रत्येक सेवेत असायला हवी, आणि दुसऱ्या सेवेने ती तशीच उचलायला हवी.

जुन्या ध्वनिमुद्रणांबद्दल एक सुचवते. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. १९६४ पर्यंत प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणं आता त्या बंधनातून मुक्त आहेत. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, हे खरं. पण पारंपरिक बंदिशींना तोही अडसर उरत नाही. एवढा साठा तरी वर्गणीदाराला कायमचा उतरवून घेऊ द्या, वर्गणी थांबली तरी न पुसला जाणारा. स्पॉटिफायमध्ये उतरवलेलं गाणंही ३० दिवसांत एकदा नेटवर यावं लागतं, नाहीतर बंद पडतं. बहिणीच्या घरी पावसाळ्यात नेट नसण्याचे दिवस मोजायचे नसतात, असण्याचे मोजायचे असतात.

आणि कुटुंबाची योजना. सगळे एकाच पत्त्यावर राहणारे हवेत, अशी अट तुमच्यातले काही जण घालतात. माझी मुलगी पुण्यात, नात वसतिगृहात, बहीण राजापुरात आणि मी मिरजेत. आम्ही चौघी एक कुटुंब आहोत. सहा जणांची मर्यादा ठेवा, पत्त्याची अट सोडा.

शेवटी एक माझ्याकडून. नोकरीत असताना संध्याकाळी वेळ काढून मी घरातल्या कॅसेटची कार्डं केली होती, ग्रंथालयात करतात तशीच, तीन बाय पाच इंचांची. २१६ कॅसेट आहेत, बहुतेक मराठी: नाट्यपदं, भावगीतं, भजनं, मिरज-सांगलीतल्या कलाकारांच्या स्थानिक कंपन्यांनी काढलेल्या फिती. प्रत्येक कार्डावर गाण्याचा मुखडा, कवी, चाल कुणाची, गायक, सगळे साथीदार, कंपनी, वर्ष. जिथे कागदावर वर्ष नव्हतं तिथे मी तसं लिहिलं आहे, अंदाज केलेला नाही. नातीने त्यांचे फोटो काढले आणि आम्ही दोघींनी मिळून दिवाळीच्या सुट्टीत ती सगळी संगणकावर देवनागरीत उतरवली. त्यातल्या किमान ६४ कॅसेट तुमच्यापैकी कुणा ना कुणाकडे आहेत, तपासून पाहिलं. माझी माहिती मी फुकट द्यायला तयार आहे. कुठल्या पत्त्यावर, कुणाच्या नावाने पाठवू, तेवढं कळवा.

कळावे,

आपली एक वर्गणीदार,
मिरज